नाख्टिगाल खाणीतला कोळसा संपला नव्हता

प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मनीत रूर नदीच्या काठी, विटेन गावाजवळ मुटेनटाल नावाचं छोटं खोरं आहे. तिथली नाख्टिगाल ही कोळसा खाण १७१४ पासून कागदोपत्री सापडते, १८९२ मध्ये बंद पडते आणि आज संग्रहालय म्हणून उभी आहे. एवढीशी खाण पावणेदोनशे वर्षं चालली कशी, आणि शेवटी कोळसा संपला म्हणूनच बंद झाली का?

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो. कोळसा संपला नव्हता. माझी सगळी नोकरी विदर्भातल्या भूमिगत कोळसा खाणींत सर्व्हेअर म्हणून गेली. शेवटच्या ढेकळापर्यंत कोळसा संपून बंद झालेली खाण मी तरी पाहिलेली नाही. खाण आधी हिशेबाच्या वहीत बंद पडते. एक टन कोळसा वर आणण्याचा खर्च त्या टनाच्या भावाच्या वर गेला की सीम (कोळशाचा थर) कितीही चांगली असो, कुलूप लागतं. नाख्टिगालच्या वहीत हा खर्च चढवणारी मुख्य गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच होती, ती म्हणजे पाणी. या खाणीच्या इतिहासात राजे येतात, कायदे येतात, वाफेचं इंजिन येतं, रेल्वे येते. पण प्रत्येक वळणावर मूळ प्रश्न एकच निघतो: कोळसा नदीच्या पातळीच्या वर आहे की खाली?

आधी जमिनीची रचना बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. रूर भागातले कोळशाचे थर कार्बोनिफेरस काळातले, साधारण ३१ कोटी वर्षांपूर्वीचे. पुढे डोंगर घडताना ते आडवे दाबले गेले आणि त्यांना घड्या पडल्या. आमच्या वर्धा खोऱ्यात सीम बहुधा जेमतेम कललेली असते, चालताना तिचा डिप, म्हणजे उतार, जाणवतही नाही. तिकडे ती कुठे तिरपी, कुठे जवळपास उभी. आणि हा सगळा थर एकूणात उत्तरेकडे खोल उतरत जातो. त्यामुळे दक्षिणेला, रूर नदीच्या दोन्ही बाजूंच्या टेकड्यांत सीमची टोकं थेट जमिनीवर येतात, आणि उत्तरेला एसेन-बोखुम या शहरांच्या पलीकडे त्याच थरांवर मार्ल या चुना-मातीच्या खडकाचं जाड पांघरूण चढतं. म्हणून रूरमधला जुना खाणधंदा दक्षिणेतला आहे. ज्यांची चित्रं आपण पुस्तकांत पाहतो त्या उत्तरेकडच्या अवाढव्य खाणी नंतरच्या. विटेनच्या परिसरातल्या थरांच्या एका गटाला भूगर्भशास्त्रात विटेनचंच नाव आहे, यावरून हा भाग किती आधीपासून खणला आणि अभ्यासला गेला ते लक्षात येईल. तिथल्या सीमना मौसेगाट, गाइटलिंग, फिनेफ्राउ अशी नावं आहेत, आणि खाणकामगार त्यांच्याबद्दल भावकीतल्या माणसांसारखं बोलतात.

मुटेनटालमध्ये एक गोष्ट सांगतात. डुकरं राखणाऱ्या एका पोराने थंडीत झाडाच्या मुळाशी खड्ड्यात शेकोटी पेटवली. सकाळी लाकडं जळून गेली होती, पण खालचे काळे दगड धगधगत होते. अशा कथा बऱ्याच कोळसापट्ट्यांत ऐकायला मिळतात, तेव्हा ती फार मनावर घेऊ नका. जर्मन भूमीवर कोळसा काढल्याचे लेखी दाखले त्या कथेपेक्षा रुक्ष आणि बरेच जुने आहेत: आखेनजवळच्या वुर्म खोऱ्यात मठातल्या साधूंकडे बाराव्या शतकात कोळसा होता, आणि डोर्टमुंडच्या परिसरात तो १३०० च्या आसपास कागदावर येतो. त्या काळी कोळसा काढणारा माणूस शेतकरीच असायचा. पीक घरात आलं की उरलेल्या दिवसांत तो आउटक्रॉपवर, म्हणजे सीम जमिनीवर उघडी पडते तिथे, खड्डा घ्यायचा. दोन-तीन पुरुष खोल गेलं की पाणी लागायचं किंवा बाजू ढासळायच्या, मग तो खड्डा सोडून सीमच्या रेषेत थोडं पुढे दुसरा.

हे खड्डे आजही मुटेनटालच्या रानात दिसतात. पालापाचोळ्याने भरलेल्या, काठ गोल झालेल्या खळग्यांची एक रांग झाडांमधून जाते. सर्व्हेअरच्या डोळ्याने बघितलं तर ती रांग म्हणजे सीमचा स्ट्राइकच. कंपास नको, नकाशा नको. खळग्यांमागून चालत गेलात की कोळसा कोणत्या दिशेने धावतो ते कळतं. रांग मध्येच तुटून बाजूला सरकली असेल तर तिथे फॉल्ट, म्हणजे खडक तुटून सरकलेली जागा, असण्याचा संशय घ्यावा.

नाख्टिगाल या टप्प्याच्या पुढची. ती हेटबेर्ग नावाच्या टेकडीत होती, आणि टेकडी थेट रूरच्या काठावर. अशा जागी खाणीची सर्वात स्वस्त पद्धत म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी, नदीच्या पुराच्या पातळीपेक्षा थोडं वर, एक आडवा बोगदा घ्यायचा. आपण त्याला ॲडिट म्हणतो, जर्मन लोक श्टॉलन. हा बोगदा आत जाताना किंचित चढत न्यायचा. चढ फार नको. गच्चीवरचं पाणी काढायला आपण जेवढा उतार देतो त्याहूनही कमी चालतो. म्हणजे सीममधून झिरपणारं पाणी जमिनीतल्या चरातून आपोआप बाहेर वाहत येतं, आणि भरलेली गाडीही उताराने बाहेर येते. पंप नको, दोर नको, घोडा नको. एकदा खोदला की हा बोगदा वर्षानुवर्षं फुकटात पाणी काढत राहतो.

तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं अर्धं उत्तर इथेच आहे. लहान खाण दीर्घकाळ टिकली, कारण तिचा रोजचा खर्च जवळजवळ फक्त मजुरीचा होता. मंदी आली तर माणसं कमी करायची, तेजी आली की वाढवायची. सहा महिने काम थांबवलं तरी खाण बुडत नव्हती, कारण चर वाहतच असायचा. पंपावर जगणाऱ्या खाणीला ही चैन परवडत नाही.

आतलं काम कसं चालायचं ते थोडं तपशिलात सांगतो, कारण संग्रहालयातल्या स्वच्छ पाट्या वाचून त्याचा अंदाज येत नाही. सीम एक मीटरच्या आतबाहेरची, वर तिरपी. ॲडिटपासून सीमच्या दिशेने गॅलरी (आतली आडवी वाट) घ्यायची आणि तिथून वरच्या अंगाला कोळसा काढत जायचं. कोळसा तोडणारा माणूस कुशीवर पडून आधी सीमच्या तळाशी टिकावाने खोल खाच पाडायचा. ही खाच पाडणं सगळ्यात कष्टाचं. त्यात नुसता चुरा निघतो आणि चुऱ्याला भाव नाही. खाच पुरेशी आत गेली की वरच्या भागात लोखंडी पाचरी ठोकून मोठे तुकडे पाडायचे, गरज पडली तर स्फोटाची काळी दारू वापरायची. पडलेला कोळसा लाकडी घसरणीवरून किंवा एकचाकी गाडीने ॲडिटपर्यंत ओढत आणायचा. उजेड तेलाच्या उघड्या दिव्याचा. उघडा दिवा वाचून आपल्याकडच्या कोणत्याही ओव्हरमॅनच्या (पाळीवरच्या पर्यवेक्षकाच्या) पोटात गोळा येईल, पण आउटक्रॉपजवळच्या सीममधला मिथेन हा पेट घेणारा वायू बहुतेक आधीच निघून गेलेला असतो. तिथे स्फोटापेक्षा कोंदट हवेचा त्रास जास्त. दिव्याची ज्योत मंद झाली की माणसं मागे यायची आणि वर जमिनीपर्यंत हवेसाठी भोक पाडलं जायचं.

चराचं पाणी मात्र कायम सोबतीला. जुन्या ॲडिटच्या तोंडाशी उभे राहिलात तर चराच्या तळाला नारिंगी चिखल बसलेला दिसतो. कोळशातल्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाला हवा-पाणी लागून सुटलेलं लोखंड ते. ॲडिटमधून असं गंजलेलं पाणी येत असेल, तर मागे कुठेतरी जुनं, रिकामं काम आहे असं बेलाशक समजावं.

आता मालकीचा भाग, कारण त्याशिवाय नाख्टिगाल समजत नाही. ही खाण एका माणसाची नव्हती. खाणीचे १२८ वाटे असायचे, प्रत्येक वाट्याला कुक्स म्हणत. कुणाकडे तीस कुक्स, कुणाकडे दोन, एखाद्या विधवेकडे वारशाने आलेला अर्धा. हे वाटे म्हणजे आजचे शेअर समजू नका, कारण शेअरवाल्याचं नुकसान गुंतवलेल्या पैशापुरतं थांबतं, कुक्सवाल्याचं थांबत नसे. खाण नफ्यात असेल तर तिमाहीला लाभांश. तोट्यात असेल तर उलट कुक्सवाल्याच्या दारी मागणी यायची, की तुमच्या वाट्याचे इतके पैसे भरा. नाही भरले तर वाटा गेला. नवा ॲडिट खोदायचा असेल तेव्हा ही मागणी वर्षानुवर्षं येत राहायची, कारण ॲडिट सीमला भिडेपर्यंत पैसा फक्त जातोच. खाणींच्या जुन्या वह्यांत श्रीमंत वाटेकरी गरीब वाटेकऱ्यांना हळूहळू गिळताना दिसतात, ते याच मार्गाने.

आणि वाटेकऱ्यांच्याही डोक्यावर सरकार होतं. हा भाग मार्क परगण्यातला, म्हणजे प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाचा. १७३८ मध्ये बोखुमला खाण कार्यालय आलं आणि १७६६ च्या खाण-नियमावलीने कारभार पक्का सरकारी हातात गेला. किती माणसं लावायची, मजुरी किती, कोळसा काय भावाने विकायचा, ॲडिट कुठे घ्यायचा, हे सरकारी अधिकारी ठरवणार; मालकांनी खर्च सोसायचा आणि हिशेब तपासायचा. उत्पन्नाचा दहावा हिस्सा राजाला. १७८४ पासून काही वर्षं या कार्यालयाचा प्रमुख फ्रायहेर फोम श्टाइन होता, तोच पुढे प्रशियाच्या मोठ्या सुधारणांसाठी ओळखला गेलेला. कार्यालय तेव्हा वेटर या जवळच्याच गावात होतं.

इतिहासकार या व्यवस्थेला सहसा उद्योगाच्या पायातली बेडी म्हणतात. आमच्यासारख्या, १९७३ नंतरच्या राष्ट्रीयीकृत कोळसा खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते पूर्ण पटत नाही. बेडी होती हे खरं. पण एका टेकडीत पाच-सात मालक शेजारी शेजारी खणत असताना, एकाने सोडलेलं पाणी दुसऱ्याच्या कामात घुसणार नाही हे बघायला कुणीतरी तटस्थ माणूस लागतोच. खाणींचे नकाशे काढायला लावणं, छताला आधार म्हणून कोळशाचे पिलर सोडायला लावणं, समाईक पाणी-बोगद्याचा खर्च वाटून देणं, ही कामं बाजाराने केली नसती. अनेक खाणींच्या खालून जाणारा असा खोल समाईक बोगदा कुणी काढला, तर ज्या खाणींचं पाणी त्यात उतरेल त्यांच्या कोळशाचा नववा हिस्सा बोगदेवाल्याला मिळायचा. मुटेनटालच्याच परिसरात सांक्ट योहानेस या नावाचा असा बोगदा आहे. दूरदृष्टीची तरतूद होती ती.

कामगारांच्या वाट्यालाही काही आलं. १७६७ च्या सनदेने खाणकामगाराला सक्तीच्या सैन्यभरतीतून सूट मिळाली, आणि क्नापशाफ्ट नावाचा समाईक निधी उभा राहिला. आजारपणात पैसे, अपघात झाला तर मदत, मेल्यावर अंत्यविधीचा खर्च. पगारातून कपात व्हायची, खाणीनेही भर घालायची. जर्मन चान्सलर बिस्मार्कच्या विमा कायद्यांची स्तुती करताना त्यांच्या शंभर वर्षं आधीची ही सोय लोक विसरतात. खाणकामगाराचं स्वतःचं छोटं घर, परसात भाजीचा तुकडा आणि दावणीला एक शेळी असायची. म्हणजे तो शेतीपासून पुरता तुटलेला नव्हता. मजुरी थांबली तरी चूल थांबत नव्हती. लहान खाण टिकण्याचं हेही एक कारण, फक्त ते हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

पाळी सुरू होण्याआधी ही माणसं प्रार्थनाघरात जमायची. मुटेनटालमधलं १८३० चं प्रार्थनाघर अजून उभं आहे, रूरमधलं अशा प्रकारचं शेवटचं. छपरावर छोटी घंटा. प्रार्थना झाली की हजेरी, आणि हजेरीनंतर खाणीकडे. प्रार्थना देवासाठी होतीच, पण कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं याची मोजणीही तिथेच व्हायची. आमच्या हाजिरीघराचं काम ते.

कोळसा बाहेर आला, आता विकायचा कुठे? सुरुवातीला गिऱ्हाईक आसपासचंच: लोहार, चुनाभट्ट्या, दारू गाळणारे, उना गावाजवळचे मिठागरवाले. दक्षिणेतल्या डोंगराळ भागातल्या लोहारगावांना घोड्यांच्या पाठीवर पोती लादून कोळसा जायचा. घोड्याच्या पाठीवर जाणाऱ्या कोळशाचा भाव दर कोसागणिक वाढतो, म्हणून बाजार आपोआप लहान राहायचा. हे बदललं १७८० मध्ये. प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेटच्या काळात रूर नदीवर १६ लॉक (नावा वर-खाली करायचे दरवाजेबंद टप्पे) बांधले गेले आणि नदी ऱ्हाईनपर्यंत वाहतुकीची झाली. नाख्टिगालच्या दारातच नदी. लाकडी सपाट नावा भरून कोळसा रूरोर्ट बंदराला, तिथून ऱ्हाईनवरून हॉलंडपर्यंत जाऊ लागला. परतीची रिकामी नाव काठावरून घोड्यांनी ओढत आणायची. १८२० च्या दशकाच्या शेवटी मुटेनटालमध्ये घोड्याने ओढायची रुळांची गाडीही आली, खोऱ्यातल्या आतल्या खाणींचा कोळसा नदीकाठच्या साठ्यावर आणायला.

नदीच्या वाहतुकीचं कौतुक करताना तिचे रिकामे दिवसही मोजावेत. उन्हाळ्यात पाणी उथळ, हिवाळ्यात बर्फ, वसंतात पूर. वर्षातले कित्येक आठवडे नावा बांधून ठेवायच्या आणि कोळसा काठावर ढिगात पडून राहायचा. तरीही १८६० मध्ये रूरवरून वर्षाला साडेआठ लाख टनांहून जास्त कोळसा गेला. तो कळस होता. पुढच्या तीस वर्षांत रेल्वेने ही वाहतूक संपवली.

आता मुख्य वळण. ॲडिटची गोम अशी, की तो फक्त आपल्या पातळीच्या वरचा कोळसा मोकळा करतो. टेकडीची उंची ठरलेली, सीमची जाडी ठरलेली, म्हणजे नदीच्या वरचा साठाही ठरलेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूरकाठच्या जुन्या खाणी एकामागून एक या तळाला टेकल्या. खाली कोळसा होताच, पण तिथे पाणी चराने जात नाही, उचलावं लागतं. हातरहाटाने किती उचलणार? वाफेचं इंजिन जवळच उपलब्ध होतं. १८०१ मध्येच लांगेनड्रेअरच्या फोलमोंड खाणीवर फ्रान्झ डिनेनडाल या सुताराने ते उभारलं होतं, नाख्टिगालपासून दहा-बारा किलोमीटरच्या आत. मग नाख्टिगालवाले तीस वर्षं का थांबले?

शाळेत आपल्याला शिकवतात की नवं यंत्र आलं आणि उद्योग बदलला. प्रत्यक्षात हिशेब करणारा माणूस यंत्र परवडेपर्यंत वाट बघतो. जोवर चराच्या वर कोळसा शिल्लक आहे तोवर इंजिनात, बॉयलरमध्ये, शाफ्टच्या, म्हणजे खाली जाणाऱ्या उभ्या विहिरीच्या, दगडी बांधकामात पैसा घालणं वेडेपणाचं होतं, आणि १२८ वाट्यांच्या मालकांना एवढ्या मोठ्या वर्गणीसाठी राजी करणं तर आणखी अवघड. ते शेवटी राजी झाले आणि १८३२ मध्ये नाख्टिगालने नेप्टून हा शाफ्ट खणायला घेतला. नदीच्या पातळीखाली जाणाऱ्या रूरमधल्या अगदी पहिल्या खाणींत तिची गणना होते ती यामुळे. नाव समुद्रदेवाचं ठेवलंय. पाण्याशी गाठ आहे हे त्यांना पुरतं ठाऊक असणार.

त्याच दशकात फ्रान्झ हानिएल या उद्योजकाने उत्तरेला एसेनजवळ मार्लचं आवरण भेदून खालच्या कोळशापर्यंत शाफ्ट नेला. नाख्टिगालचं नशीब खरं तिथे ठरलं, पण ते कळायला पन्नास वर्षं गेली. मार्लखाली, उत्तरेला, कोकसाठी (लोखंडाच्या भट्टीत जाळायच्या भाजलेल्या कोळशासाठी) उत्तम असा कोळसा होता. १८४९ पासून रूरमध्ये कोकवर चालणाऱ्या लोखंडाच्या भट्ट्या सुरू झाल्या, तेव्हा मोठ्या भांडवलाचा ओघ तिकडे वळला.

नेप्टूननंतर नाख्टिगालने हर्क्युलेस नावाचा दुसरा शाफ्ट घेतला, आणि तो टप्प्याटप्प्याने खोल होत सुमारे ४५० मीटरपर्यंत गेला. इथे थांबून हिशेब मांडू, कारण खाण कशामुळे वाढली याचं उत्तर इथे आहे. पंप रविवारी थांबत नाही. संप असो, मंदी असो, नावा बांधलेल्या असोत, पंप चालूच. म्हणजे दर दिवशी एक ठरावीक खर्च, कोळसा निघो वा न निघो. तो खर्च अंगावर घ्यायचा असेल तर उत्पादन वाढवावं लागतं. उत्पादन वाढवायचं तर एकाच वेळी जास्त फेस, म्हणजे कोळसा तोडायच्या जागा, उघडावे लागतात, त्यासाठी शेजारचं क्षेत्र लागतं. म्हणून नाख्टिगालने आसपासच्या खाणींशी एकत्रीकरण केलं आणि ती संयुक्त नाख्टिगाल झाली. क्षेत्र वाढलं की पाणी आत यायच्या वाटा वाढतात. शेजारच्या जुन्या ॲडिटमधली रिकामी कामं आता तुमच्या डोक्यावर आहेत, त्यातलं पाणी फटींमधून खाली तुमच्याच खाणीच्या तळाच्या पाणी-टाकीत (सम्पमध्ये) उतरतं. खोली वाढली की तेच पाणी जास्त उंच उचलावं लागतं. मग मोठं इंजिन, मग पुन्हा जास्त उत्पादन. या चक्रात शिरलेल्या खाणीला मागे फिरता येत नाही. लहान राहून टिकणं फक्त ॲडिटवाल्यांना शक्य होतं.

एक गोष्ट खाणीच्या बाजूची होती: बॉयलरला विकत इंधन लागत नव्हतं. ज्या चुऱ्याला बाजारात भाव नव्हता तोच भट्टीत जायचा. त्यामुळे इंजिन कागदावर दिसतं तेवढं महाग पडत नव्हतं, आणि खाण आणखी काही दशकं रेटली गेली.

मधल्या काळात कायदेही बदलले. १८५१ च्या कायद्याने मालकांना कारभारात हात मिळाला आणि राजाचा हिस्सा निम्म्यावर आला. १८६५ च्या प्रशियन खाण कायद्याने उरलीसुरली सरकारी दावणही सुटली. उत्तरेकडच्या बड्या कंपन्यांना हे मोकळं रान मिळालं. १८७० च्या दशकात रूर खोऱ्यातून रेल्वे गेली, त्याचा नाख्टिगालला फायदा झाला खरा, पण १८७३ च्या आर्थिक कोसळीनंतर कोळशाचे भाव पडले, आणि पडलेल्या भावात ४५० मीटरवरून पाणी उपसणारी, नदीला खेटून असलेली खाण स्पर्धा कशी करणार? पाण्याचा लोट वाढत गेला, तोटा वाढत गेला, १८९२ मध्ये काम थांबलं. पंप थांबले की खालची कामं भरायला फार वेळ लागत नाही.

आणखी एकच वर्ष तग धरला असता तर? १८९३ मध्ये रूरच्या कोळसा कंपन्यांचं विक्री-संघटन उभं राहिलं आणि भाव सावरले. पण पुढे त्याच संघटनात मोठ्या कंपन्यांनी दक्षिणेतल्या लहान खाणी त्यांच्या विक्रीच्या कोट्यासाठी विकत घेतल्या आणि बंद केल्या. तेव्हा नाख्टिगाल दहा-वीस वर्षांनी त्या वाटेने गेली असती, एवढंच.

कोळसा संपला नव्हता याचा सगळ्यात चांगला पुरावा तर नंतरचा आहे. १९४५ नंतर जर्मनीत इंधनाची भयंकर टंचाई होती, तेव्हा याच टेकड्यांत लोकांनी पुन्हा आउटक्रॉप उघडले. रूरच्या दक्षिण काठाला अशा लहान खाणींचं पीक आलं, काही तर पाच-दहा माणसांच्या. जुन्या लोकांनी सोडलेले पिलर, चुकलेले तुकडे, पातळ सीम असं काहीही चालायचं. त्यातल्या शेवटच्या १९७० च्या दशकापर्यंत चालल्या. आज नाख्टिगालच्या आवारात अशा एका छोट्या खाणीचं सामान उभं करून ठेवलंय. पत्र्याची झोपडी, साधा हॉलेज (गाड्या ओढायचं यंत्र), टब (कोळशाच्या छोट्या गाड्या). मला तरी हर्क्युलेसपेक्षा ते बघताना जास्त मजा आली.

खाणीच्या इमारतींचं काय झालं, हेही बऱ्याच जणांना कोड्यात टाकतं, कारण आवारात शिरल्यावर समोर विटांच्या गोल भट्ट्या दिसतात. १८९७ मध्ये ड्युंकेलबेर्ग नावाच्या उद्योजकाने इथे वीटकारखाना काढला. कोळशाच्या थरांमधला शेल हा मातकट खडक दळून त्याच्या विटा केल्या. आम्ही ज्याला ओव्हरबर्डन, म्हणजे काढून टाकायचा खडक, म्हणून शिव्या घालतो त्याचा याने माल केला. हा कारखाना १९६३ पर्यंत चालला. तो चालला म्हणूनच जागा पाडली गेली नाही, आणि २००३ पासून संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली.

आता थोडं या इतिहासाच्या वर्तमानाबद्दल. बंद खाण नकाशावर असली तर निरुपद्रवी, नसली तर घातक. २००० च्या जानेवारीत बोखुमच्या वाटेनशाइड भागात वस्तीतच जमीन खचून प्रचंड खड्डा पडला. खाली फार पूर्वी बंद झालेल्या खाणीचा शाफ्ट होता. आपल्याकडे १९७५ ची चासनाला कोळसा खाणीतली दुर्घटना याच जातीची, तिथे जुन्या पाणी भरलेल्या कामातून लोट चालू खाणीत आला आणि पावणेचारशे माणसं गेली. पाणी साठलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत जाताना परवानगी आणि पुढे बोअर (चाचणीची भोकं) मारत जाण्याचा आपला नियम आहे, तो कागदी छळ वाटणाऱ्या तरुण मॅनेजरांनी मुटेनटालसारखी जागा एकदा बघावी. एका टेकडीत किती जणांनी, किती शतकं, किती दिशांनी खणलंय हे बघितल्यावर नियमाची चेष्टा करावीशी वाटत नाही. जर्मनीतली शेवटची दगडी कोळसा खाण, बोट्रोपची प्रोस्पर-हानिएल, २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली. कोळसा थांबला, पण रूरमधले पंप अजून चालू आहेत आणि ते कायम चालवावे लागणार म्हणून त्यासाठी वेगळा निधी ठेवलाय.

तिकडे जाणार असाल तर क्रम सुचवतो. मुटेनटालमधला खाणवाटेचा फेरा साधारण ९ किलोमीटरचा आहे. प्रार्थनाघरापासून सुरुवात करा, रानातले खळगे बघत खाली नदीकडे या, नाख्टिगाल शेवटी ठेवा. म्हणजे खड्डा, ॲडिट, शाफ्ट हा क्रम पायांनाच कळतो. संग्रहालयात ॲडिटमध्ये घेऊन जातात, हेल्मेट देतात. छत बुटकं आहे, उंच माणसाने पाठीची तक्रार असेल तर विचार करावा. कॅमेऱ्यापेक्षा एक बारकी टॉर्च न्या आणि सीम दिसेल तिथे तिच्या वरच्या-खालच्या खडकाकडे बघा, बहुतेक लोक फक्त काळा भाग बघून पुढे जातात.

आणि अभ्यासच करायचा असेल तर विटेनवर न थांबता बोखुमला जा. १९३० मध्ये स्थापन झालेलं खाण-संग्रहालय तिथे आहे आणि त्याच्या अभिलेखागारात खाणींचे कागद आहेत. मागताना नकाशांच्या जोडीला वाटेकऱ्यांच्या तिमाही हिशेबाच्या वह्या मागा, खाणीची खरी तब्येत त्यात दिसते. अडचण एकच: एकोणिसाव्या शतकातलं जर्मन हस्ताक्षर वेगळ्याच वळणाचं आहे, छापील जर्मन उत्तम येणाऱ्यालाही ते वाचता येत नाही. आपल्या मोडीसारखंच आधी महिना-दोन महिने गिरवावं लागतं, तेवढी तयारी करून जा.